अनुभव धागा: शेअरिंगच्या गाड्या आणि आपला खानदेश

ॲपवरचं कारपूल आता जळगाव-धुळ्यातही दिसू लागलंय. खाजगी गाड्यांच्या कारपूलसाठी केंद्राने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या होत्या: तेव्हा राज्याची मनाई नसेल तर शहरात दिवसाला जास्तीत जास्त ४ फेऱ्या, शहराबाहेर आठवड्याला २. तसे आपण काळीपिवळीत मांडीला मांडी लावून बसणारे जुनेच! पण हे नवं प्रकरण आपल्याकडे चालेल का? आधी अनुभव लिहा, मतं मागाहून.

पारोळेकर: कॉलेजला धुळ्याला अपडाऊन होतं. काळीपिवळी भरल्याशिवाय हलायची नाही. "सरका ना भाऊ, आखो एक बठी जाई" (आणखी एक बसेल) हे रोजचंच. एकदा परीक्षेच्या दिवशी शेवटची सीट पाऊण तास भरेना. शेवटी आम्ही तिघांनी मिळून त्या रिकाम्या सीटचं भाडं दिलं, तेव्हा कुठे स्टार्टर फिरला. ॲपवाल्याला मी जास्त पैसे देतो ते एसीसाठी नाही, ठरल्या वेळी निघतो म्हणून.

रावेरची लेक: १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट. आमच्या फाट्यावरच्या रिक्षावाल्याने भाडं काही कमी केलं नाही, पण आता बाजाराच्या पिशव्यांसकट थेट दारात सोडतो. एसटी दारात येत नाही ना!

भरीतप्रेमी: दिवाळीत पुण्याहून जळगाव. ट्रॅव्हल्सचं भाडं बघून डोळे पांढरे झाले, म्हणून कारपूल घेतलं. आईने आधी नंबरप्लेटचा फोटो मागवला. गाडीवाला निघाला अमळनेरचा, मग काय, नगर येईपर्यंत वांगी कुठली चांगली यावरच वाद. येताना मात्र दुसऱ्याने आदल्या रात्री अकराला राइड रद्द केली. गावाकडे दुसरी गाडी शोधायची तरी कुठे?

चाळीसगाव मास्तर: आम्ही चार शिक्षक, आठवड्याला एकाची गाडी. हिशोब नाही, वही नाही. ज्याच्याकडे गाडी नव्हती तो महिन्याला पेट्रोलचे पैसे द्यायचा आणि पुढची सीट त्याचीच. तीन वर्षं सुरळीत. बदल्या झाल्या नि संपलं.

नंदुरबारी: आमचं शेअरिंग म्हणजे सुरत-भुसावळ लाइनची पॅसेंजर. तिघांच्या बाकावर पाच.

धागाकर्ती: @पारोळेकर, त्या रिकाम्या सीटवर बसलं कोण शेवटी?

पारोळेकर: पुढच्या फाट्यावर त्याने दोघं घेतले. पैसे परत नाहीत.