व्हील ऑफ टाइमचा पहिला भाग: कोण कुठे अडकलं, कोण पार झालं?

कृष्णाकाठ:
काल माळा आवरताना ‘द आय ऑफ द वर्ल्ड’ सापडलं, रॉबर्ट जॉर्डनच्या ‘व्हील ऑफ टाइम’ या अद्भुतरम्य कादंबरीमालेचा पहिला भाग. २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा खालच्या कप्प्यातली पुस्तकं सगळी गेली. हे माळ्यावर होतं म्हणून वाचलं. झाडू बाजूला ठेवून तिथंच बसलो आणि नेमकं वेस्टवुडचं प्रकरण उघडलं. नायक रँड जखमी बापाला, टॅमला, गाडीच्या दांड्यांना घोंगड्या बांधून त्यावर घालतो आणि रात्रभर गावाकडे ओढत नेतो. रस्त्यानं ट्रॉलॉक, म्हणजे अर्धे माणूस अर्धे जनावर असले राक्षस, चाललेत, म्हणून झाडीतनं, आवाज न करता. टॅम तापात बरळतोय, आणि त्या बरळण्यातनं पोराला कळतं की आपण याच्या पोटचे नाही. तरी दांड्या सोडत नाही. कॉलेजात विश्रामबागच्या खोलीवर वाचलेलं, पण एवढं अंगावर आलं नव्हतं.
तुमचे अनुभव लिहा. अर्धवट सोडलेल्यांनीही लिहा, लाजू नका.

पोवईनाका:
२०० पानं. मग मामेभावाला दिलं. तो अजून परत देईना, म्हणजे त्याला आवडलं असावं.

हळदवाली:
कुकर लावलाय, तेवढ्यात लिहिते. सुरुवात अगदी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनच्या छापाची आहे. आडगावचं खेडं, काळा स्वार, गूढ बाई येते आणि पोरांना घेऊन निघते. जॉर्डननं तो बाज मुद्दामच ठेवला होता म्हणे, वाचकाला ओळखीचं वाटावं म्हणून. मला तेवढ्यानंच कंटाळा आला होता. पण शादार लोगोथ आलं आणि पुस्तक बदललं. ओसाड शहर, पोरं सांगितलेलं न ऐकता भटकतात, रँडचा मित्र मॅट तिथला शापित खंजीर उचलतो. उचलू नको रे मेल्या, असं मोठ्यानं ओरडले होते, सासूबाई बाहेर आल्या.
शिट्टी झाली, येते.

मिरजजंक्शन:
सासूबाईंना काय सांगितलंत?? 😂

वाईचा_तात्या:
आपल्या वाचकाला एक फायदा आहे. युगं फिरून फिरून येतात, तोच आत्मा पुन्हा जन्म घेतो, हे इंग्रजी वाचकाला पानं खर्चून समजवावं लागतं. आपण ते आजीच्या मांडीवर ऐकलेलं. फक्त इथं ज्याचा पुनर्जन्म व्हायचा त्या ‘ड्रॅगन’ म्हणवल्या जाणाऱ्या वीराला लोक टरकून असतात. आधीच्या जन्मी वेडाच्या भरात त्यानं स्वतःच्याच बायकापोरांना मारलेलं, प्रस्तावनेतच आहे. अवतार येणार म्हणून लोक दारं लावून घेतात, ही कल्पना मला फार आवडली.

गुळाचा_खडा:
मी २०२१ ची वेबमालिका बघून पुस्तकाकडे आले. तिथं रँडच्या मित्राला, पेरिनला, बायको होती, पुस्तकात शोधत बसले! गावची वैदू नायनीव मात्र पुस्तकातलीच भारी. सारखी वेणी ओढते, सगळ्यांवर डाफरते. आमच्या धाकट्या आत्या डिट्टो.

मिरजजंक्शन:
रँड आणि मॅट खाणावळीत बासरी वाजवून, चेंडू उडवून जेवण मिळवत केमलिन शहराकडे जातात, तो भाग लोकांना रटाळ वाटतो. मला तोच सगळ्यात खरा वाटला. खिशात पैसे नाहीत, मालक नजर ठेवून, रात्री गोठ्यात झोप. नोकरीच्या मुलाखतींना फिरताना एसटी स्टँडवर रात्री काढल्यात, म्हणून असेल.
शेवट मात्र गुंडाळला. एवढं चालवून आणलं आणि नावातल्या त्या ‘आय’पाशी काय झालं ते मला दोनदा वाचूनही नीट कळलं नाही.

पोवईनाका:
पुस्तकांची मालिका संपली का पण? नाहीतर मी दुसऱ्या एका मालिकेत २०११ पासून ताटकळत बसलोय.

वाईचा_तात्या:
संपली. १४ भाग, शिवाय एक पूर्वकथा. पहिला १९९० चा. लेखक २००७ मध्ये गेले, मग त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसननं शेवटचे तीन लिहिले. शेवटचा २०१३ ला आला. सँडरसनला निवडलं जॉर्डनच्या पत्नीनं, त्याच त्यांच्या संपादक होत्या.

पोवईनाका:
१४?! मामेभावाकडेच राहू दे मग.

हळदवाली:
आले परत. सासूबाईंना सांगितलं की मांजर दुधाकडे चाललं होतं. @मिरजजंक्शन, शेवट कळत नाही याला +१. पण दुसरा भाग वाचा, तो जास्त बांधीव आहे. मधले सात-आठ-नऊ-दहा मात्र दम काढतात, आधीच सांगते.

गुळाचा_खडा:
@कृष्णाकाठ पुरातनं वाचलेल्या पुस्तकाला ऊन दाखवा आधी. पण कडक उन्हात नको, पानं वाकतात. सावलीत पंख्याखाली उघडून ठेवा, कडुनिंबाचा पाला घाला.

कृष्णाकाठ:
ठेवलंय. दुसरा भाग कुणाकडे आहे का? इथं मिळेना.

वाईचा_तात्या:
माझ्याकडे आहे. शनिवारी साताऱ्याला कामाला जायचंय, तिथनं सांगलीला येतो. पेढे आणू का?

कृष्णाकाठ:
विचारताय काय! आणा. इकडनं भडंग न्या. तिखट की मध्यम?

मिरजजंक्शन:
तात्या, मिरजेला पण उतरा ओ.