फ्रँचायझी करारातील गोपनीयतेच्या कलमाबाबत सल्ला हवा आहे

प्रश्न:
मी एका साखळीची फ्रँचायझी घेण्याच्या विचारात आहे. कराराच्या मसुद्यानुसार कंपनीकडून मिळालेली 'सर्व माहिती' करार संपल्यानंतरही कायम गुप्त ठेवावी लागेल आणि कर्मचाऱ्यांकडून ती फुटल्यास जबाबदारी माझी राहील. या व्याख्येत माझ्या विक्रीचे आकडेही येत असतील, तर ते बँकेला किंवा लेखापालांना दाखवता येतील का? सही करण्यापूर्वी कोणत्या दुरुस्त्या मागाव्यात?

पहिले उत्तर:
सर्वप्रथम 'सर्व माहिती' हे शब्द बदलून घ्यावेत, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स (बौद्धिक संपदा हक्कांविषयीच्या) कराराच्या कलम ३९ नुसार माहितीला संरक्षण मिळण्यासाठी ती खरोखर गुप्त असावी लागते, गुप्त असल्यामुळेच तिला व्यापारी मूल्य असावे लागते आणि ती गुप्त राखण्यासाठी वाजवी उपाय केलेले असावे लागतात. कार्यपद्धतीची पुस्तिका, पुरवठादारांचे दर, प्रशिक्षण साहित्य असे प्रकार करारात नावानिशी यावेत. आधीच सार्वजनिक असलेली, आपल्याला पूर्वीपासून ठाऊक असलेली, तिऱ्हाइताकडून रीतसर मिळालेली आणि न्यायालयाच्या किंवा कायद्याच्या आदेशाने द्यावी लागणारी माहिती वगळल्याचे स्पष्ट लिहून घ्यावे. वकील, लेखापाल, कर्ज देणारी बँक आणि कर अधिकारी यांना माहिती देण्याची मुभाही लेखीच हवी; तोंडी आश्वासन वाद उद्भवल्यावर सहसा उपयोगी पडत नाही.

दुसरे उत्तर:
'कायम' या शब्दाने घाबरून जाऊ नये, पण तो तसाच सोडूही नये. युरोपीय संघाच्या २०२२ च्या नियमात करारोत्तर स्पर्धाबंदीला (करार संपल्यावर तसाच धंदा करण्यावरील बंदीला) साधारणपणे एक वर्षाची मर्यादा आहे, मात्र सार्वजनिक न झालेल्या व्यावसायिक ज्ञानाचा वापर रोखणारे बंधन अमर्याद काळाचे असू शकते. त्यामुळे ही दोन बंधने स्वतंत्र कलमांत मागावीत. माहिती आपल्या चुकीशिवाय सार्वजनिक झाली की गोपनीयतेचे बंधन संपेल, हे वाक्यही घालून घ्यावे.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत कंपनीची अपेक्षा गैर नाही. ज्याला पुस्तिका हाताळावी लागते त्याच्याशी रुजू होतानाच गोपनीयता करार करावा, प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्यावे आणि नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा. आपण एवढी काळजी घेतली असेल, तर जबाबदारी 'वाजवी दक्षता न घेतल्यास' एवढ्यापुरती सीमित करण्याची मागणी ठामपणे करता येते.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. कंपनी म्हणते की विद्यमान फ्रँचायझीधारक मला त्यांचा अनुभव सांगू शकणार नाहीत. हे योग्य आहे का?

पहिले उत्तर देणारे:
मला ही बाब गंभीर वाटते. पाककृती किंवा सॉफ्टवेअर गुप्त ठेवणे वेगळे आणि धंदा कसा चालतो हे बोलू न देणे वेगळे. अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशन या व्यापार नियामक संस्थेच्या नियमानुसार गेल्या तीन आर्थिक वर्षांत फ्रँचायझीधारकांना अनुभवाविषयी बोलण्यास मनाई करणारे करार झाले असतील, तर कंपनीला ते प्रकटन दस्तऐवजात (फ्रँचायझी घेऊ इच्छिणाऱ्याला द्यायच्या माहितीपत्रात) नमूद करावे लागते आणि हा दस्तऐवज सहीच्या किमान १४ दिवस आधी द्यावा लागतो. आपल्याकडे असा नियम लागू असो वा नसो, ही माहिती लेखी मागावी आणि आपल्या करारात अनुभव सांगण्याची मोकळीक राखून घ्यावी. कंपनी त्यालाही नकार देत असेल, तर सही लांबणीवर टाकून स्वतंत्र वकिलाकडून संपूर्ण मसुदा तपासून घ्यावा.