पाच-सहा हब पाडले की नेटवर्क झोपतं म्हणे!

गणित_गल्ली: काल इथं 'हब_पाडा' यांनी ठोकून दिलंय, की वाढत जाणारं कुठलंही रँडम नेटवर्क (ज्यात जोडण्या योगायोगानं होतात) घ्या, त्यातले मोठे पाच-सहा हब, म्हणजे सगळ्यात जास्त जोडण्यांचे ठिपके, पाडा, सगळं कोसळतं, आणि हे २००० सालीच सिद्ध झालंय. खाली टाळ्या वाजवणारे ढीगभर. अहो, २००० साली आल्बर्ट, जाँग, बाराबासी यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं ते सिम्युलेशनवर. सगळ्यात जास्त जोडण्यांचे ५ टक्के नोड (ठिपके) काढले की नोडानोडांतलं सरासरी अंतर दुप्पट होतं, एवढंच. लाख नोडांत ५ टक्के म्हणजे पाच हजार! सिद्धता नंतर बोलोबाश आणि रिऑर्डन यांनी दिली. त्यांच्या मॉडेलात नवा नोड 'एम' इतक्या जुन्या नोडांना जोडून घेतो, हल्लेखोर सगळ्यात जुने (बहुधा तेच हब) पाडत येतो. तुटायचा उंबरठा, म्हणजे किती हिस्सा नोड पाडले की नेटवर्क तुटतं, तो (एम − १) भागिले (एम + १). एम २ असेल तर एक तृतीयांश नोड पाडावे लागतात, ३ असेल तर निम्मे. कुठं पाच-सहा आणि कुठं निम्मे?

हब_पाडा: सर, हल्लेखोर काय जन्मदाखला बघून येतो? तुमच्या सिद्धतेत जुने काढलेत, मोठे नाहीत. जोडण्या मोजून, एक पाडला की परत मोजून पाडत गेलं, तर एक तृतीयांशाच्या बऱ्याच आधी खेळ खल्लास. आणि एम १ धरला तर तुमचंच सूत्र शून्यावर येतं, म्हणजे थोडासा हिस्सा पाडला तरी तुटतं. ते सोयीनं गाळलंत.

केबलवाला_बापू: दोघंबी नुसती टिंबं मोजालाय. इंटरनेटच्या गाभ्यातल्या राउटरला जोडण्या थोड्या, पण जाड. ढीगभर जोडण्या असतात त्या कडेला, गिऱ्हाइकाकडं. डॉइल, विलिंजर मंडळींनी २००५ मध्ये हेच मांडलं. कडेचा डबा गेला तर गल्ली बंद पडते, देश नाही. मी राजारामपुरीत फायबर ओढतो. आमच्यावर हल्ला करतो तो जेसीबी. गटारीच्या खड्ड्यात नळीसकट केबल उपटली, ठेकेदार पान खात उभा. चिखलात छत्री धरून काचेचे केसासारखे धागे जोडायचे, आणि फोनवर गिऱ्हाईक आमची आईबहीण काढतंय. कुणाचं सूत्र लावू, सांगा.

शिरोलीकर: जेसीबीचं काय घेऊन बसलाय भावा! २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बंगळूर हायवे आमच्या दारात पाण्याखाली. २०२१ च्या जुलैत परत तेच. कोल्हापूरचा हब नदीनंच पाडला की. पाणी अडवणारा तो हायवेचा भराव काढून पिलरवर रस्ता करा म्हणून घसा कोरडा झाला, ऐकतंय कोण?

गणित_गल्ली: रस्ते या मॉडेलात बसतच नाहीत. दसरा चौकाला काय हजार रस्ते फुटतात? चौकाला चार, फार तर सहा. विषय भरकटवू नका.

शिरोलीकर: आम्ही भरकटवतो? ट्रकांच्या रांगेत उभं राहून सांगा की ते एम वजा एक! दुधाचे टँकर अडकलेले, पेट्रोल मिळंना. खोलीत बसून उंबरठे काढणाऱ्यांनी एकदा उंबऱ्याच्या आत पाणी घेऊन बघावं.

कुंभारगल्ली_ताई: ओरडू नका, दोघंही. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी कधीच मागं टाकलेली, आम्ही शाहूपुरीत माडीवर. समोरचा मोबाईल टॉवर धडधाकट उभा, कुणी पाडलेला नाही. पण वीज गेली, बॅटरी उतरली, रस्ता बंद म्हणून डिझेल येईना, आणि रेंज गेली. सासूबाईंच्या इन्सुलिनसाठी फोन लागेना. तुमचं सगळं गणित एकट्या नेटवर्कचं. इथं एक दुसऱ्यावर टेकलेलं. २००३ ला इटलीत वीज आणि तिचं नियंत्रण करणारं नेटवर्क असंच एकमेकांना घेऊन पडलं, त्यावरून २०१० ला बुल्दिरेव आणि हॅवलिन यांनी मॉडेल केलं. तिथं हबवाली नेटवर्क्स हल्ल्याविनाही, नुसत्या योगायोगाच्या बिघाडानं जास्त लवकर पडतात. एकटं हबवालं नेटवर्क तसल्या बिघाडात टिकून राहतं, त्याच्या बरोबर उलट.

हब_पाडा: म्हणजे हब वाईटच. मी काय वेगळं सांगत होतो?

केबलवाला_बापू: तुम्ही पाच-सहा म्हणत होता. ताई डिझेल म्हणताहेत.

हब_पाडा: बरं बाबा, सरांच्या समाधानासाठी पोस्टमध्ये 'काही टक्के' लिहितो. आता झोप लागेल ना?

गणित_गल्ली: टक्के लिहिताना एम किती धरला तेही लिही. आणि 'कुठलंही नेटवर्क' तेवढं खोड.

शिरोलीकर: आणि भरावाचं काय?