बायनरी दुसऱ्या मशीनवर चालेना, सगळं स्टॅटिक लिंक करून टाकू का?

प्रश्न (नवखा_टर्मिनल)
सी मध्ये एक छोटं टूल लिहिलंय, माझ्या लिनक्सवर मस्त चालतं पण जुन्या सर्व्हरवर टाकलं की 'जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड' म्हणून लगेच मरतं (जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी). नवीन असं काहीच वापरलेलं नाही, साधं प्रिंटएफ, झेडलिब (कॉम्प्रेशनची लायब्ररी) आणि थोडं नेटवर्कचं काम, मग ही कटकट कशाला? सरळ -स्टॅटिक लावून (म्हणजे लायब्ररी बायनरीतच भरून) मोकळा होऊ का? फाइल मोठी झाली तरी चालेल.

बिटबिट
तू वापरलं नसलंस तरी मेन सुरू करून देणारं __लिबसी_स्टार्ट_मेन प्रत्येक प्रोग्राममध्ये असतंच, आणि त्याला २.३४ मध्ये नवा व्हर्जन-शिक्का लागला. लिंकर (कोड आणि लायब्ररी जोडून बायनरी बनवणारा प्रोग्राम) बिल्ड मशीनवरचा नवा शिक्का उचलतो, जुन्या सर्व्हरकडे तो कुठून येणार! ऑब्जडम्प -टी (मोठा टी) मारून बघ, बायनरीला कुठले शिक्के लागतात ते दिसेल. उलटं मात्र चालतं, जुन्यावर बिल्ड केलेलं नव्यावर सहसा बिनबोभाट चालतं.

रूट_नाही_मी
लाव की स्टॅटिक, एक फाइल कॉपी केली की झालं, डोक्याला ताप नाही.

कर्नलकाका
थांब जरा. नेटवर्कचं काम म्हणतोयस ना, गेटअ‍ॅड्रइन्फो (सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणारं फंक्शन) वापरत असशील तर जीलिबसी ते नाव शोधायचं काम रन टाइमला वेगळ्या .एसओ (शेअर्ड लायब्ररी) लोड करून करते, म्हणजे स्टॅटिक केलेल्या बायनरीलाही तिकडे त्याच व्हर्जनची जीलिबसी लागते, लिंकर तशी वॉर्निंगही देतो पण ती कोण वाचतंय. खरंच पूर्ण स्टॅटिक हवं असेल तर मसल (जीलिबसीऐवजी वापरायची दुसरी सी लायब्ररी) वापर. आणि ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतलं २०१४ चं हार्टब्लीड नावाचं सुरक्षा-भगदाड आठवा, ज्यांचं ओपनएसएसएल शेअर्ड होतं त्यांनी पॅकेज अपडेट करून सर्व्हिस रीस्टार्ट केल्या की कोड दुरुस्त, स्टॅटिकवाल्यांना आधी कुठल्या बायनरीत ते घुसलंय हेच शोधायचं, एलडीडी (बायनरीला लागणाऱ्या शेअर्ड लायब्ररी दाखवणारी कमांड) तिथे काही सांगत नाही. (रीस्टार्ट विसरलात तर शेअर्डमध्येही चालू प्रोसेस जुनीच फाइल धरून बसते हं.)
मी असतो तर जुन्या लिनक्स डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये (आपल्याच मशीनवरच्या वेगळ्या वातावरणात) बिल्ड केलं असतं, जीलिबसी डायनॅमिक (म्हणजे शेअर्ड) ठेवून, बाकी एखादी छोटी लायब्ररी तेवढी स्टॅटिक.

नवखा_टर्मिनल
कंटेनरचं जमलं, सर्व्हरवर चाललं! आता झेडलिबची .ए (स्टॅटिक लायब्ररी) फाइल घेतोय तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स' ओरडतोय, फाइल तर जागेवर आहे.

बिटबिट
कमांडमध्ये ती तुझ्या सोर्स फाइलच्या नंतर टाक. .ए मधून लिंकर त्या क्षणी अडलेल्या सिम्बॉलपुरत्याच (फंक्शन वगैरेंच्या नावांपुरत्याच) ऑब्जेक्ट उचलतो, आधी दिलीस तर त्याला अजून काहीच नको असतं, म्हणून तो तशीच सोडून पुढे जातो.