रोमन लेखक नफ्याला खरंच नाकं मुरडत होते का?

ओसरीवरचा:
पॉम्पेई या जुन्या रोमन शहरातल्या एका घराच्या दारात फरशीवरच अक्षरं आहेत, 'साल्वे लुक्रुम'. लुक्रुम म्हणजे नफा. थोडक्यात, या नफेराव, आत या! इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत शहर गाडलं गेलं म्हणून हे टिकलं. माझ्या मते खरा रोम तो हाच. पुस्तकांत दिसणारा नफ्याचा तिटकारा ही जमीनदारांची मिजास. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो कर्तव्यांवरच्या 'दे ऑफिकीस' या पुस्तकात काय म्हणतो? किरकोळ व्यापार हलका, पण मोठा, भरपूर माल आणणारा असेल तर फार नावं ठेवू नयेत. आणि पोटभर कमावून शेतजमीन घेतली, तर कौतुकच! वा रे न्याय.

घाटपायथा:
एका उंबऱ्यावरून अख्खा रोम ठरवलात की! त्याच पुस्तकाच्या तिसऱ्या भागात ऱ्होड्स बेटावर आलेल्या धान्य व्यापाऱ्याची गोष्ट आहे. बेटावर दुष्काळ, हा धान्य घेऊन पोचलाय, मागून आणखी जहाजं येताहेत हे फक्त त्याला ठाऊक. सांगावं, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? सिसेरो दोन्ही बाजू नीट मांडतो आणि म्हणतो, सांगायला हवं होतं. ही मिजास नाही. शेअर बाजारात आजही याच प्रश्नावर खटले चालतात.

मसालेभात:
पण रोमन उपहासकवी ज्युव्हेनालनेच लिहिलंय ना, नफा कशातूनही येवो, त्याचा वास चांगलाच? मग तिटकारा कुठला?

घाटपायथा:
अहो, ते त्याचं मत नव्हे. त्याच्या चौदाव्या उपहासिकेत (उपहासाच्या कवितेत) पोराला हाव शिकवणाऱ्या बापाच्या तोंडी आहे ते. लोक त्यात सम्राट व्हेस्पासियनच्या मुतारी-कराचा, म्हणजे त्या पैशालाही वास येत नाही हा, किस्सा मिसळतात. तो चरित्रकार स्वेटोनियसने सांगितलेला, वेगळा.

चिंचपेटी:
तुम्ही सगळे सिसेरो आणि ज्युव्हेनालमध्येच अडकलात. कवी ओव्हिडच्या 'फास्ती' या सणवारांवरच्या काव्यात मे महिन्यातला, व्यापाराचा देव मर्क्युरी याचा सण बघा. व्यापारी पोर्टा कापेना या रोमच्या वेशीजवळच्या झऱ्याचं पाणी अंगावर आणि मालावर शिंपडतो, जुन्या खोट्या शपथांची माफी मागतो, पुढच्या खोट्या शपथांचीही आगाऊ सोय करून घेतो, आणि वर मागतो काय? नफा दे, आणि गिऱ्हाइकाला गंडवल्याचा आनंदही दे. देव हसतो, कारण त्याने स्वतः अपोलो देवाच्या गाई चोरलेल्या! यात तिटकारा नाही की भक्ती नाही, निव्वळ मजा आहे. कवी होरेस तर ऐन हिवाळ्याच्या कवितेत सांगतो, नशीब देईल तो दिवस नफ्याच्या खात्यात जमा धर. हिशेबाच्या वहीची भाषा कवितेत इतकी सहज येते, म्हणजे ती वही घरोघरी असणार.

ओसरीवरचा:
ओव्हिड मान्य. पण त्यात हसू कुणाचं होतंय? व्यापाऱ्याचंच. जमीनदारावर असा विनोद दाखवा.

चिंचपेटी:
नाटककार प्लॉटसच्या 'अँफिट्रुओ' या विनोदी नाटकात मर्क्युरी सुरुवातीलाच प्रेक्षकांशी सौदा करतो, धंद्यात बरकत हवी तर गप्प बसून नाटक बघा. समोर बसलेले सगळेच गिऱ्हाईक. हसू सगळ्यांचंच.

ओसरीवरचा:
ठीक. मग सिसेरोचंच एक पत्र घ्या. 'दे ऑफिकीस' लिहिलं त्याच वर्षी, इ.स.पू. ४४ मध्ये, तो मित्र अॅटिकसला कळवतो की माझे दोन दुकानगाळे कोसळले, बाकीच्यांना तडे गेलेत, भाडेकरूच काय, उंदीरसुद्धा पळाले. तत्त्वज्ञ सॉक्रेटिसच्या कृपेने आपल्याला त्याचं काही वाटत नाही म्हणे. आणि लगेच पुढे, बांधकामाची अशी योजना आखलीय की हे नुकसानच फायद्यात पडेल!