‘ॲडव्हाइसेस’ आणि ‘फर्निचर्स’ का चालत नाहीत?

प्रश्न : मराठीत सल्ला-सल्ले, बातमी-बातम्या असं सरळ अनेकवचन होतं. इंग्रजीत मात्र ‘ॲन ॲडव्हाइस’ किंवा ‘फर्निचर्स’ लिहिलं की चूक धरतात. शाळेत शिकलेल्या नामांच्या पाच प्रकारांवरून हे ओळखता येईल का?

उत्तर : नाही. विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, पदार्थवाचक, भाववाचक हे प्रकार अर्थावरून पाडलेले आहेत. वाक्य लिहिताना अडतं ते नाम गणनीय (काउंटेबल, म्हणजे इंग्रजीत एक-दोन असं मोजलं जाणारं) की अगणनीय (अनकाउंटेबल, तसं न मोजलं जाणारं) इथे. ‘आयडिया’ भाववाचक, तरी ‘टू आयडियाज’ बरोबर. ‘फर्निचर’मधल्या खुर्च्या बोटांवर मोजता येतात, पण तो शब्द अगणनीय. इंग्रजी कोणता शब्द कसा वापरते हेच पाहावं लागतं.

नाम अगणनीय असेल तर आधी ‘अ’ किंवा ‘ॲन’ येत नाही, अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही आणि क्रियापद एकवचनी राहतं. ‘मेनी’ऐवजी ‘मच’, ‘फ्यू’ऐवजी ‘लिटल’. मोजायचंच असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’, ‘टू पीसेस ऑफ फर्निचर’. आपल्याकडे हमखास चुकणारे शब्द : इन्फर्मेशन, इक्विपमेंट, लगेज, होमवर्क, एव्हिडन्स, मशिनरी, सॉफ्टवेअर.

यातल्या काहींना मराठीचा कान मदत करतो, कारण ‘दोन माहित्या’ आपणही म्हणत नाही. फसगत होते ती सल्ला, बातमी आणि केस यांच्या बाबतीत. ‘न्यूज’च्या शेवटी ‘एस’ असला तरी ‘द न्यूज इज गुड’च. डोक्यावरचे सगळे केस ‘हिज हेअर इज ग्रे’; सुटे दोन केस सापडले तरच ‘टू हेअर्स’.

उपप्रश्न : मग ‘टू कॉफीज, प्लीज’ कसं चालतं?

उत्तर : तिथे अर्थ दोन कप असा आहे. एकच शब्द अर्थ बदलला की गट बदलतो, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. ‘पेपर’ म्हणजे कागद, अगणनीय. वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका असेल तर गणनीय. ‘वर्क’ म्हणजे काम, अगणनीय. कलाकृती असतील तर ‘वर्क्स’. ‘एक्स्पीरियन्स’ तर अर्जात नेहमी चुकतो. कामाचा साठलेला अनुभव ‘फाइव्ह यीअर्स ऑफ एक्स्पीरियन्स’. आलेला एखादा प्रसंग ‘ॲन अनप्लेझंट एक्स्पीरियन्स’. म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला शब्दकोश वापरा. त्यात गणनीय-अगणनीय ही खूण प्रत्येक अर्थापाशी वेगळी दिलेली असते. पहिलाच अर्थ वाचून थांबू नका.

पुरवणी : समूहवाचक नामांचं थोडं वेगळं आहे. ‘द टीम इज’ सगळीकडे चालतं. ब्रिटिश इंग्रजीत खेळाडू मनात धरून ‘द टीम आर’ही लिहितात, अमेरिकेत सहसा नाही. ‘पोलीस’ मात्र दोन्हीकडे अनेकवचनी : ‘द पोलीस हॅव अराइव्ह्ड’. एकच जण असेल तर ‘अ पोलीस ऑफिसर’.

विशेषनामांत अडतो तो ‘द’. नदी आणि डोंगररांग यांना तो लागतो : ‘द गोदावरी’, ‘द वेस्टर्न घाट्स’. गाव आणि एकटं शिखर त्याविना : ‘नाशिक’, ‘कळसूबाई’.