घुमट रेकॉर्ड होतं, पण घुमटासारखं वाजत नाही

डिचोलीचा_बास
नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण, डिचोली-साखळी भागातले. मी बास गिटार वाजवतो, पोटासाठी पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट करतो. लग्नांत, वाढदिवसांत हिंदी गाणी वाजवून चार पैसे मिळतात, पण आमचं स्वतःचं गाणं कुणी मागत नाही. मागणार कसं, ऐकलंय कुणी? म्हणून चार गाणी रेकॉर्ड करायची ठरवली. शब्द मराठी, खाली घुमट (एका तोंडाला चामडं लावलेलं आमचं मातीचं वाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) आणि कासाळं (मोठी झांज), वर गिटार.

वर्गणी काढून ४० हजार जमवले. त्यातले काही एका स्टुडिओत अर्ध्या दिवसात गेले. तिथल्या माणसाने घुमटाच्या चामड्यासमोर एक माइक लावला, आमच्या घुमटवाल्याच्या कानात क्लिक, म्हणजे लयीची यांत्रिक टिकटिक, सोडला आणि 'वाजव' म्हणाला. हा पोरगा लहानपणापासून चवथीत घरोघर आरत्या वाजवत फिरलेला, त्या टिकटिकीवर असा वाजला की जणू परीक्षेला बसलाय. ऐकलं तर रिकाम्या डब्यावर बोटं मारल्यासारखं. वर सल्ला मिळाला : 'त्यापेक्षा ढोलकीचे सॅम्पल, म्हणजे तयार आवाज, टाकूया, कुणाला कळतंय?' आम्ही चहा पिऊन परत आलो.

आता घरीच करावं म्हणतो. माइक लॅपटॉपला जोडायचा दोन चॅनेलचा स्कारलेट इंटरफेस आहे, माइक दोन : एक एसएम ५७, एक उसना एसएम ५८, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. खोली चिऱ्यांची, वर मंगळुरी कौलं. जमेल का? की उरलेले पैसे घेऊन मुंबई गाठू?

म्हापशाचा_साउंडवाला
मुंबईला जाऊन काय करशील? तिथेही घुमट तूच नेणार, आणि तिथला माणूस ते पहिल्यांदा बघणार.

घुमटाला दोन तोंडं आहेत हे त्या स्टुडिओवाल्याने बघितलंच नाही. थाप चामड्यावर पडते, पण घुमार बाहेर येतो मागच्या उघड्या तोंडातून, जिथे डावा हात उघडझाप करतो. ५७ चामड्याकडे, वितीभर लांब, थोडा तिरका. ५८ मागच्या तोंडाकडे, पण अगदी समोर नको. हात झाकला-उघडला की हवेचा फुसकारा माइकवर येतो, म्हणून बाजूला सरकव.

आता मुख्य गोष्ट. थापेबरोबर चामडं आत जातं आणि मागून हवा बाहेर ढकलली जाते, म्हणजे दोन माइकना उलटे धक्के बसतात. दोन्ही ट्रॅक एकत्र केलेस की खालचा आवाज एकमेकांत विरतो. रीपरमध्ये एका ट्रॅकवरचं फेजचं बटण दाब आणि फरक ऐक. ज्या बाजूला पोट भरल्यासारखं वाटेल ती ठेव.

कौलांवर पाऊस असेल तेव्हा झोप काढ. भिंतींना गाद्या लाव, निदान घुमटवाल्याच्या पाठीमागे तरी.

पुण्याहून_एक
गोव्यात राहून कोकणीत का नाही करत? बाजार तरी मिळेल.

डिचोलीचा_बास
आमच्याकडे घुमटावरच्या आरत्या मराठीतच म्हणतात हो, आजोबांच्या वहीतही मराठीच. आणि बाजाराचं म्हणाल तर २०११च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. त्यातले अर्धे कोकणी ऐकणारे, अर्धे मराठी असं भांडत बसलो तर हाताला काय लागणार? आम्हाला जे येतं ते वाजवतो.

नाटकातली_पेटी
मी जत्रेच्या नाटकांना साथ करतो, वय विचारू नका. बाबा, चूक माइकची अर्धीच. आरती ज्या लयीत सुरू होते त्या लयीत संपते का कधी? चढत जाते, शेवटच्या कडव्याला घाम फुटतो. तिला क्लिकला बांधलंस तर मग उरलं काय? आधी घुमट आणि शामेळ मोकळं वाजू दे, बाकीच्यांनी त्याच्या मागून यावं. गिटारवाल्यांना थोडा त्रास होईल, होऊ दे.

दुसरं म्हणजे चामडं. पूर्वी घोरपडीचं असायचं. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ती वाट बंद झाली, ते बरंच झालं. आता बकऱ्याचं लावतात. दमट हवेत ते सैल पडतं. वाजवायच्या आधी उन्हात ठेव, ऊन नसेल तर चुलीच्या उबेला, पण लांबून. २०१९मध्ये सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, पण दमट हवा ते मानत नाही.

आणि घरी करण्यात कमीपणा कसला? आपला गोव्याचा गायक रेमो फर्नांडिस, त्याने १९८४चा अल्बम शिवोलीत घरीच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केला आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेटी पोचवल्या. तुझ्या लॅपटॉपवर तर त्याच्यापेक्षा जास्त ट्रॅक आहेत.

वास्कोची_वकील
एक इशारा. पारंपरिक आरती टाकणार असाल तर मूळ रेकॉर्डिंगच्या फायली तारखांसकट जपून ठेवा. माझ्या भावाने घरच्या आरतीचा व्हिडिओ टाकला, तर एका कंपनीने त्यावर मालकी सांगितली. शब्द जुने, चाल जुनी, वाजवणारे घरचे, तरी सोडवायला तीन आठवडे लागले. स्वतःच्या गाण्यांचं श्रेय कुणाकुणाचं हे पाच जणांत आत्ताच कागदावर लिहा, मैत्री आहे तोवर.

डिचोलीचा_बास
सगळ्यांना देव बरें करूं. पहिलं गाणं झालं.

पेटीकाका, तुमचं ऐकलं. क्लिक काढला. दोनच चॅनेल, म्हणून शामेळवाल्याला दाराबाहेर सोप्यावर बसवला, दार अर्धं उघडं. तो घुमटाच्या ट्रॅकमध्ये थोडा झिरपला, पण दोघांनी एकमेकांकडे बघत वाजवल्यामुळे लय अशी चढली की मला बास २१ वेळा वाजवावा लागला. २१ मोजलेत, बायको साक्षीला आहे. आणि साउंडवाले, ते फेजचं बटण दाबलं तेव्हा खोलीतले सगळे एकदम गप्प झाले. मग घुमटवाला म्हणाला, 'हां, हें म्हजें.'

आता कासाळं. ते वाजलं की मीटर सरळ लाल. माइक किती लांब ठेवू?

म्हापशाचा_साउंडवाला
शामेळवाल्याला आत घे आणि कासाळेवाल्याला त्याच्या जागी बसव. तिथूनही जास्तच येईल.